घाटावरचे घड्याळवाले सर

त्या वर्षी मी दोन महिने विहिरी मोजत होतो. पुण्यात भूशास्त्राच्या एम. एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं आणि प्रबंधासाठी आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या बाजूचं एक गाव माझ्या वाट्याला आलं होतं. एकतीस विहिरी. फाल्गुनाच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत प्रत्येक विहिरीतलं पाणी आठवड्यातून एकदा मोजायचं, आणि त्यातल्या पाच विहिरी पंपाने उपसून त्या किती वेळात पुन्हा भरतात ते बघायचं. उपसा थांबवल्यावर पहिली पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला पाण्याची पातळी टिपावी लागते. त्यासाठी विभागाने एक डिजिटल स्टॉपवॉच दिलं होतं. काळ्या दोरीचं, गळ्यात अडकवायचं. सही करून आणलेलं असल्यामुळे मी ते आंघोळीलाच काय ते गळ्यातून काढत असे.

हेच दिवस तिथे यात्रांचे असतात, हे मला माहीत नव्हतं. गुढीपाडवा झाला की जुन्नर-आंबेगावात एकेका गावाची यात्रा सुरू होते. आज या गावाच्या भैरवनाथाची, परवा पलीकडच्या गावच्या मुक्ताईची, असं अक्षय्य तृतीयेच्या पुढेपर्यंत चालतं. ज्याच्या गावाची यात्रा त्याने इतरांना जेवायला घालायचं, आणि इतरांच्या यात्रेला आपण जेवायला जायचं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वडील रेल्वेत होते. भुसावळ, बल्लारशा, दौंड अशा ठिकाणच्या क्वार्टर्समध्ये मी वाढलो. दर तीन वर्षांनी सामान बांधायचं. "तुमचं गाव कंचं?" असं कुणी विचारलं की मी वडिलांच्या बदलीचं शेवटचं ठिकाण सांगायचो, आणि विचारणाऱ्याला ते उत्तर पुरत नसे. "ते नोकरीचं झालं राव. गाव कंचं?"

मी राहायला तात्यांकडे होतो. तात्या वरच्या आळीतले, पन्नाशीचे, कमी बोलणारे शेतकरी. कांदा, ऊस आणि थोडी मेथी-कोथिंबीर करत. दोन्ही मुलगे चिंचवडला कारखान्यात होते, त्यामुळे स्लॅबच्या नव्या घरातली पुढची खोली रिकामी होती; ती त्यांनी मला दिली. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. मावशी तात्यांच्या वाटणीचंही बोलत.

तात्यांच्या गोठ्यात शेतीच्या बैलांपासून वेगळे बांधलेले दोन बैल होते. त्यांना नांगराला कधी जुंपत नसत. हे गाड्याचे बैल. त्यांच्यापैकी एक पांढरा, मानेवर शाईचा हात पुसल्यासारखा डाग असलेला. रोज सकाळी मी तात्यांच्या विहिरीपासून मोजणीला सुरुवात करायचो आणि त्याच वेळी तात्या त्याला डोणीवर पाणी पाजायला आणायचे. माझी ओली टेप विहिरीतून वर आली की तो ती चाटायचा. पहिल्या आठवड्यात मी टेप बाजूला घेत असे. नंतर चाटू द्यायला लागलो, कारण ती पुसण्याचं काम वाचत होतं.

खालच्या आळीतले नाना मला प्रथम भेटले ते एका उपशाच्या दिवशी. नाना सत्तरीचे, डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी, आणि यात्रा कमिटीतला सर्वात जुना माणूस. मी विहिरीच्या काठावर पालथा पडून टेप सोडत होतो आणि घड्याळ दाबत होतो. ते बराच वेळ मागे उभे होते.

"ह्याच्यात सेकंदाच्या खालचं दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो.

त्यांनी एक खडा उचलला. "मी टाकतो. पान्यात पडला की सांगा."

खडा सुटला तेव्हा मी बटण दाबलं, आवाज आला तेव्हा पुन्हा दाबलं. एक पूर्णांक बावन्न. मी वहीत आकडेमोड करून सांगितलं की पाणी सदतीस फुटांवर आहे. मग टेप सोडून दाखवली, साडेछत्तीस निघाले. नानांनी टेपेकडे बघितलंच नाही. ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

"तुमचं सोयरंधायरं कोण हाय ह्या तालुक्यात?"

"कोणी नाही."

"जुन्नरात? खेडात?"

"तिकडेही नाही."

"लगीन?"

"नाही अजून."

नानांचा चेहरा खुलला. एखाद्याला नातेवाईक नाहीत हे ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

त्याचं कारण मला त्या संध्याकाळी मावशींनी सांगितलं. इथे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. गावाबाहेर बैलगाड्यांसाठी बांधलेला मातीचा चढ. यात्रेला त्या चढावरून गाडे पळतात. एका वेळी एकच गाडा, चार बैलांचा, वर गाडीवान नसलेला; पुढे घोडी पळते आणि तिच्या मागे बैल सुटतात. खालच्या रेषेवर एक झेंडा पडतो, वरच्या रेषेवर दुसरा. दोन झेंड्यांमधले सेकंद मोजायचे. सगळा निकाल बारा-तेरा सेकंदांच्या आत लागतो, आणि दोन गाड्यांमध्ये फरक असतो तो डोळ्याची पापणी लवण्याइतका. पुढे तिथे यंत्रं आली. त्या काळी घड्याळ हातात धरलेला माणूस असे आणि हा माणूस कुणाचा तरी कुणीतरी लागत असे. आदल्या वर्षी ज्या मास्तरांनी सेकंद मोजले ते वरच्या आळीचे जावई होते. खालच्या आळीने आक्षेप घेतला, निकाल अडला, आणि दोन्ही आळ्यांनी वर्षभर एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं.

"म्हणून त्यांना तुमी पायजे," मावशी म्हणाल्या. "तुमी कुणाचेच न्हाई ना."

त्यांना ते चांगलं वाटत होतं की वाईट, ते मला कळलं नाही.

नाना घाई करणारे नव्हते. आपल्या गावाची यात्रा चैत्राच्या शेवटी होती. त्याआधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. पाच दिवसांनी त्यांच्या लेकीच्या गावची यात्रा होती, तिथे ते मला एका जीपच्या मागच्या बाकावर बसवून घेऊन गेले. वाटेत त्यांनी एकच नियम सांगितला. घाट संपेपर्यंत कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. "पान्याच्या तांब्याबरोबर ओळख येती," ते म्हणाले. मी बाटली आणि चार केळी सोबत ठेवली.

घाटाच्या माथ्यावर लाकडी मंच होता. त्यावर ध्वनिक्षेपक, कमिटीची माणसं, फेट्यांचा ढीग, नारळ, आणि निवेदन करणारा एक धिप्पाड माणूस. त्याचा आवाज सकाळी दहालाच बसला होता तरी तो संध्याकाळपर्यंत तसाच बोलणार होता. मला मंचाच्या टोकावर, वरच्या रेषेच्या बरोबर वर उभं केलं. मला फक्त दोन गोष्टी बघायच्या होत्या. खालचा झेंडा आणि वरचा झेंडा. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मधे काही बघितलं तर चूक होते. गाडा बघायला लागलं की अंगठा उशिरा उतरतो. म्हणून मी खालचा झेंडा पडला की मान वळवून थेट वरच्या झेंड्याकडे बघायचो. मधल्या बारा सेकंदांत काय होतं ते मी फक्त ऐकत असे. आधी शिट्ट्या, मग खुरांचा आवाज, मग "आला, आला, आला!" आणि मग एकदम माझ्या पायाखालून धुळीचा लोट.

"सर, सेकंद?" निवेदक माझ्याकडे माईक करायचा.

"बारा पूर्णांक एकाहत्तर."

आणि तो ते शब्द घशातल्या उरल्यासुरल्या आवाजाने चारही दिशांना फेकायचा. लोक टोप्या उडवत, भंडारा उधळत, बैलांच्या मालकाला खांद्यावर घेत. मी घड्याळ शून्यावर आणायचो आणि पुढच्या झेंड्याकडे बघायचो.

त्या दिवशी नव्वदच्या वर गाडे पळाले आणि एकही तक्रार आली नाही. जीपमध्ये नाना म्हणाले, "जमलं." एवढंच. पण बातमी आमच्या आधी गावोगाव गेली. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी पाच गावांनी मला नेलं. नारायणगावच्या बाजूला एकदा, मंचरच्या आसपास तीनदा, एकदा घोडेगावच्या पुढे. मी विहिरींचं वेळापत्रक यात्रांच्या मधल्या दिवसांवर आणून बसवलं. तिथली माणसं मला घड्याळवाले सर म्हणू लागली. एसटीच्या कंडक्टरनेही एकदा तसंच म्हटलं.

यात्रेत माणूस काय काय बघतो ते मी अशा रीतीने सहा गावांत फिरूनही फारसं पाहिलं नाही. जे पाहिलं ते मंचावरून, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये पदर डोक्यावर ओढून बसलेल्या बायका. बर्फगोळ्याच्या गाडीवर लाल-हिरव्या बाटल्या. कुस्त्यांच्या आखाड्यासाठी भिजवलेली माती. एका बाजूला गाडा हरलेला मालक बैलाच्या तोंडाचा फेस स्वतःच्या उपरण्याने पुसत असे. दुसऱ्या बाजूला दुसरा कुणी बैलाच्या पाठीवर उठलेल्या वळावर हळद दाबत असे. ते वळ कशाचे ते मला माहीत होतं आणि त्यालाही. मी ते वहीत लिहिलं नाही, कारण वही विहिरींची होती.

घाट संपला की नियम संपायचा. मग माणसं अक्षरशः मनगटाला धरून ओढत. "सर, आमच्याकडं दोन घास." एका घरी मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी, दुसऱ्या घरी पुन्हा तेच, तिसऱ्या घरी नाही म्हटलं तर म्हातारी दारात आडवी उभी. कुणी माझं नाव विचारत नसे. सगळीकडे आग्रह मात्र असा की जणू मी त्यांच्याच घरातला, बऱ्याच वर्षांनी परतलेला. मला त्यात फार काही वाटलं नाही. पाहुणा कोण आहे याच्याशी त्या आग्रहाचा संबंध नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

मग आमच्या गावची यात्रा आली. आमच्या म्हणजे तात्यांच्या.

अडचण उघड होती. तात्यांचा गाडा पळणार होता. चारपैकी दोन बैल त्यांचे आणि दोन मावशींच्या भावाचे. मी महिनाभर तात्यांच्या घरी जेवत होतो. मी नानांना म्हणालो की या घाटाला दुसरा कुणी बघा. देवळात बैठक बसली. खालच्या आळीतून दोघे-तिघे कुरकुरले. पण दुसरा माणूस कुणालाच सापडेना. जो सापडे त्याची मावसबहीण तरी कुणाच्या घरात दिलेली निघे. शेवटी नानांनीच तोड काढली. यात्रेच्या आधी तीन दिवस सरांनी तात्यांचं घर सोडायचं, शाळेत राहायचं आणि गावातल्या कुणाकडेच जेवायचं नाही.

मी गादी शाळेच्या दुसरीच्या वर्गात नेली. जेवण फाट्यावरच्या हॉटेलात. सकाळी वडापाव, संध्याकाळी मिसळ. तिसऱ्या दिवशी मावशी शाळेच्या कुंपणापाशी आल्या. आत आल्या नाहीत, नियम त्यांनीही पाळला.

"पोळ्या लाटून माझं मनगट सुजलं," त्या कुंपणाच्या पलीकडून म्हणाल्या, "आन तुमी तिकडं पाव खाताय. असला कसला न्याय?"

"उद्या संध्याकाळी जेवतो मावशी."

"उद्या साठ मानसं हायत. कोण वाढनार तुमाला?" आणि त्या निघून गेल्या.

यात्रेच्या दिवशी सकाळी देवाला शेरणी वाटली, पालखी निघाली आणि दहाच्या सुमाराला घाट सुरू झाला. ऊन असं होतं की मंचाच्या फळ्यांना हात लावता येत नव्हता. दुपारपर्यंत साठेक गाडे पळाले होते. सगळ्यात कमी वेळ बाहेरगावच्या एका गाड्याचा होता: बारा पूर्णांक अडतीस. मग निवेदकाने तात्यांचं नाव पुकारलं.

मी ठरवल्याप्रमाणे खालच्या झेंड्याकडे बघत होतो. झेंडा पडला. मी बटण दाबलं. आणि मान वरच्या झेंड्याकडे वळवायची ती वळवली नाही.

का, ते मला नंतरही नीट सांगता आलेलं नाही. खाली घोडी सुटली, तिच्या मागे चार बैल, आणि पुढच्या जोडीत डाव्या बाजूला मानेवर डाग असलेला तो पांढरा बैल होता. पळताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. डोणीवर तो इतका संथ असायचा की माश्या हाकलायलाही शेपूट वेळ लावून हलायचं. चढाच्या मध्यावर त्याचा पुढचा पाय घसरला. गुडघा मातीला टेकला असं मला वाटलं. लोक ओरडले. त्याच झटक्यात तो पुन्हा उभा होता, पळत होता, आणि बाकीचे तीन त्याच्यामागे ओढल्यासारखे. माझ्या खालून चौघे गेले. धूळ आली. टोप्या उडाल्या. मीही ओरडत होतो.

"सर! सेकंद?"

मी घड्याळाकडे बघितलं. ते चालू होतं. अठरा, एकोणीस, वीस.

निवेदकाने माझ्याकडे माईक धरला होता. माझ्या शेजारी कमिटीची सात-आठ माणसं होती आणि घड्याळाची काच फक्त मला दिसत होती. गाडा बारा अडतीसच्या आत आला होता, याबद्दल मंचावरच्या कुणालाही शंका नव्हती. तीन-साडेतीन आठवडे सेकंद मोजून मलाही एवढं कळत होतं. बारा पूर्णांक वीस म्हटलं असतं तर ते खरंही असू शकलं असतं.

"माझ्याकडून घड्याळ थांबलं नाही," मी म्हणालो.

ते माईकवरून गेलं. निवेदकाने चटकन माईकवर तळवा ठेवला, पण उशीर झाला होता. घाटावरचा आवाज हळूहळू खाली आला. खालच्या टोकाला असलेल्यांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग तोही आवाज थांबला.

नाना काठी टेकत माझ्याजवळ आले. मला वाटलं ते चिडतील. खरं तर ते खालच्या आळीचे. तात्यांचा गाडा बाद झाला तर नानांच्या भावकीचं नुकसान काहीच नव्हतं. तरी ते हळू आवाजात म्हणाले, "सर, अंदाजानं सांगा. आमी सगळ्यांनी बघितलंय. आमी मान्य करू."

तोवर तात्या मंचाखाली पोचले होते. धोतर मातीने भरलेलं, फेटा सुटलेला.

"अंदाजाचं नगं," ते खालूनच म्हणाले.

"तात्या, गाडा पळालाय तुमचा," नाना म्हणाले. "समद्या घाटानं पाह्यलंय."

"पळालाय तर पळालाय. पुढच्या साली कुनी म्हणायला नगं, तात्याला सेकंद दानात दिला."

कमिटीने शेवटी गाडा पुन्हा पळवायची मुभा दिली. तात्यांनी बैलाच्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि नको म्हणाले. मावशींचा भाऊ माझ्या अंगावर धावून आला. त्याचे दोन बैल त्यात होते, तो शंभर किलोमीटर फिरून घोडी शोधून आणणारा माणूस होता, आणि त्याला दोघांनी कमरेला धरून मागे ओढलं. "ह्येला घड्याळ कुनी दिलं?" तो ओरडत होता. मला नानांनी जागेवरून हलू दिलं नाही. उरलेले तीस गाडे मीच मोजले. प्रत्येक वेळी खालचा झेंडा, मान वळवायची, वरचा झेंडा. एकही चुकला नाही. पहिला नंबर बाहेरगावच्या गाड्याचा आला.

संध्याकाळी मी शाळेत जाऊन गादी गुंडाळली. कुठे जावं ते ठरत नव्हतं; शेवटची एसटी निघून गेली होती. गादी खांद्यावर घेऊन तात्यांच्या घरी गेलो. अंगणात मांडव होता आणि पंगत बसत होती. साठाच्या जागी नव्वद माणसं असावीत. मावशी चुलीपाशी होत्या. ध्वनिक्षेपक घरापर्यंत ऐकू येत असल्यामुळे त्यांना काही सांगावं लागलं नाही.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चुकलं म्हणून सांगितलं ना चारचौघांत?"

"हो."

"ह्या घरात तीस वर्सं हाय मी. एका बी पुरुषानं आजपातर असं म्हटलेलं न्हाई." मग त्यांनी माझ्या हातात रश्श्याची बादली दिली. "ती गादी टाका तिकडं. वाढायला या. आधी म्हाताऱ्यांना."

मी वाढत गेलो. मावशींचा भाऊ तिसऱ्या पंगतीला होता. मी त्याच्यासमोर आलो तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला. मी पुढे गेलो. परतताना पाहिलं, तर त्याची भाकरी कोरडीच होती. तो मान न उचलता म्हणाला, "वाढ." मी वाढलं.

तात्या चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. राग होता असं नाही. नाहीतरी ते फारसं बोलत नसत, आता तेही थांबलं. पाचव्या दिवशी त्यांच्याच विहिरीवर माझी उपशाची चाचणी होती. ते येऊन काठावर बसले. पंप बंद झाला, मी टेप सोडली आणि घड्याळ दाबलं. पहिली पाच मिनिटं त्यांनी वाट पाहिली. त्यांना कळत होतं की या वेळात बोलायचं नसतं.

मग म्हणाले, "कसं काय चुकलं?"

"बैलाकडे बघत होतो."

"कंच्या?"

"पांढऱ्या."

"घसरला तवा माझं बी काळीज खाली आलं," ते म्हणाले. "गाडा कधी पोचला ते मला बी ठावं न्हाई. लोकांनी सांगितलं." आणि मग, "पानी किती हाय खाली?"

मी आकडा सांगितला. तो त्यांना पटला नाही. त्यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. त्यांच्याशी माझं झालेलं तेवढंच मोठं बोलणं.

त्यानंतर मला कुठल्याच घाटाने बोलावलं नाही. दोन गावांना मी आधी हो म्हटलेलं होतं. त्यांचे निरोप आले की सोय झाली आहे, सरांनी त्रास घेऊ नये. नाना रस्त्यात भेटले तेव्हा मी त्यांना विचारलं की एका चुकीमुळे का.

"चुकीचं काय न्हाई," नाना म्हणाले. "चुकत्यात समदेच. पन तुमी वरडला राव. मंचावर समद्यांनी ऐकलं. आता तुमी तात्याचे झालात." ते हे दोष म्हणून सांगत नव्हते. अमक्याची सोयरीक तमक्याकडे झाली, अशा सुरात सांगत होते.

मी ते ऐकून घेतलं. त्यात आनंद वाटण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा सुचलं नाही. यात्रांचे दिवस मोकळे झाले आणि राहिलेल्या विहिरी वेळेत उरकतील, एवढंच मनात आलं.

वैशाखात मावशींच्या माहेरची यात्रा होती, नारायणगावच्या पलीकडे. तात्यांना कांद्याची काढणी होती. मावशी म्हणाल्या, "तुमी चला संगतीला. भावानं बोलावलंय."

"मला?"

"तुमाला. नाव घेऊन बोलावलंय."

आम्ही एसटीने गेलो. तिथे गेल्यावर मी पहिल्यांदा मावशींना रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं. त्या भावाच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले, आणि वहिनीने आणून दिलेला चहा घेतला. आत तीन चुली पेटल्या होत्या. त्यांनी उठण्याचा विचारही केला नाही. भावाने मला हाताला धरून घाटावर नेलं आणि गर्दीत उभं केलं. माझ्यापुढे फेट्यांच्या चार रांगा होत्या. गाडे पळत होते, लोक ओरडत होते, आणि मला धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. अर्ध्या तासाने मी बाहेर पडलो.

मावशी देवळापुढच्या दुकानांत होत्या. बांगड्या झाल्या होत्या, रेवड्यांची पुडी झाली होती. आता त्या मोठ्या पाळण्याखाली उभ्या राहून वर बघत होत्या.

"बसायचं का?" मी विचारलं.

"मी? ह्या वयात?" मग थोड्या वेळाने, "तुमी बसनार असला तर बसते. एकटीला लोक हसतील."

आम्ही बसलो. पाळणेवाल्याने लोखंडी दांडी आडवी टाकली. पाळणा वर जायला लागला तशी मावशींनी एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं, घाटावरच्या माणसांसारखं घट्ट. वर गेल्यावर त्या डोळे मिटून ओरडल्या. दुसऱ्या फेरीला डोळे उघडले. तिसऱ्या फेरीला पाळणा नेमका वर थांबला. खाली माणसं चढत-उतरत होती.

"तो कॅनॉल," त्या म्हणाल्या. "त्याच्या अलीकडं जांभळी. तिथं आमी म्हशी न्यायचो. आन ती शाळा, चौथीपातर. ती बघा, पत्र्याची. न्हाई, त्याच्या पल्याड." मला जांभूळ ओळखता आलं नाही, पण मी दिसलं म्हणालो. घाटाकडे धूळ उठली होती आणि इतक्या उंचीवरून गाडा एखाद्या मुंगीसारखा चढावर सरकताना दिसला. मावशींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या त्यांचं सगळं गाव एका बाजूने मोजत चालल्या होत्या. कुठलं घर कुणाचं, कुठलं शेत कुणी विकलं, कुठल्या मैत्रिणीला कुठे दिलं.

पाळणा पुन्हा हलला. खाली उतरल्यावर त्यांना चक्कर आली आणि त्या एका दगडावर बसल्या. मी लिंबू सरबत आणलं. त्यांनी ते सावकाश संपवलं, ग्लास परत दिला आणि म्हणाल्या, "अजून एकदा बसू. पन आधी जेवून येऊ."